मलेशियातून सिंगापूरला बसने: गटासोबत पहिल्यांदा सीमा ओलांडताना

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सिंगापूर-मलेशियाच्या सहलींत क्वालालंपूर ते सिंगापूर हा टप्पा बऱ्याचदा बसने असतो. अंतर सुमारे ३५० किलोमीटर. रस्ता रुंद आणि गुळगुळीत, दोन्ही बाजूंना पामची झाडं. पाच-सहा तासांचा प्रवास आरामात होतो. गोंधळ उडतो तो शेवटच्या टप्प्यात, सीमेवर. विमानतळाची सवय असलेली माणसंही इथे बावरतात, कारण रस्त्याच्या सीमेवर तुम्ही दोन वेळा बसमधून उतरता, दोन वेगवेगळ्या देशांच्या अधिकाऱ्यांसमोर उभे राहता आणि मधल्या वेळात तुमची बस तुमच्या नजरेआड गेलेली असते.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. बसमध्ये आपण चाळीस जण एकत्र असलो, तरी काउंटरसमोर प्रत्येक जण एकटाच असतो. टूर मॅनेजर तुमच्या शेजारी उभा राहून उत्तरं देऊ शकत नाही, आणि मुलालाही आईच्या वतीने बोलता येईलच असं नाही. म्हणून स्वतःची कागदपत्रं, स्वतःची उत्तरं आणि स्वतःची बॅग प्रत्येकाने स्वतः सांभाळायची. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

घरून निघण्यापूर्वी

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा आधी काढावाच लागतो. तो ऑनलाइन मिळतो आणि पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, म्हणून त्याची छापील प्रत जवळ ठेवा. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आणि ही सवलत २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली आहे. त्यानंतरच्या सहलीसाठी पैसे भरताना हा नियम पुन्हा तपासून घ्या.

सिंगापूरच्या व्हिसावर एकच प्रवेश आहे की अनेक, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. काही सहली आधी सिंगापूरला उतरतात, मग बसने मलेशियाला जातात आणि परतीचं विमान पुन्हा सिंगापूरहून असतं. अशा वेळी सिंगापुरात दोनदा शिरायचं असतं. बुकिंग घेणाऱ्याने ‘सगळं होतं हो’ म्हटलं तरी कागद बघितल्याशिवाय गप्प बसू नका.

नातवंडं आजी-आजोबांबरोबर जात असतील किंवा मूल आई-वडिलांपैकी एकाबरोबरच असेल, तर दुसऱ्या पालकाचं इंग्रजीतलं संमतिपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत सोबत असू द्या. कुणी विचारलं नाही तर उत्तमच. विचारलं तर मात्र त्या क्षणी पुण्याला फोन लावून काही साधत नाही.

तीन दिवस आधी: अरायव्हल कार्ड

अरायव्हल कार्ड म्हणजे देशात शिरण्यापूर्वी स्वतःची आणि प्रवासाची माहिती देणारा फॉर्म. दोन्ही देशांची अरायव्हल कार्डं आता ऑनलाइन भरायची असतात. मलेशियाचं एमडीएसी आणि सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड. दोन्ही पूर्णपणे मोफत आहेत आणि दोन्ही त्या-त्या देशात पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतात. ‘कार्ड भरून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्या वेबसाइट पुष्कळ दिसतील. तिथे कार्ड क्रमांक टाकू नका, सरकारी संकेतस्थळच उघडा. आणखी एक, अरायव्हल कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. एक भरलं म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

सिंगापूरचं कार्ड बहुतेक सहलींत टूर कंपनीच सगळ्यांचं एकदम भरून देते. सोय चांगली आहे, पण भरलेली माहिती एकदा स्वतः वाचून घ्या. यात पाहायच्या गोष्टी अशा. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच हवं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि ते पासपोर्टवर पहिल्या नावाबरोबर छापलेलं असतं. फॉर्ममध्ये ते गाळू नका, आडनावही पुढे-मागे करू नका. येण्याचा मार्ग ‘रस्ता’ निवडलेला हवा. मुंबईहून विमानाने निघालो म्हणून कुणीतरी ‘विमान’ लिहून टाकतं, पण सिंगापुरात तुम्ही शिरताय बसने. मुक्कामाचा पत्ता म्हणून सिंगापूरच्या हॉटेलचं नाव हवं.

आणि ईमेल तुमचा स्वतःचा हवा. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सिंगापूर आता परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारत नाही. तुम्हाला किती दिवस राहता येईल, हे सांगणारा इलेक्ट्रॉनिक पास अरायव्हल कार्डावरच्या ईमेलवर येतो. कंपनीने चाळीस जणांसाठी स्वतःचाच एक ईमेल टाकला असेल, तर तुमचा पास त्यांच्याकडे जातो आणि तुमच्या हातात काहीच राहत नाही. घरातल्या ज्येष्ठांचा ईमेल नसेल तर मुलाचा किंवा सुनेचा द्या, पण घरातल्याच कुणाचा तरी द्या.

आदल्या रात्री: बॅग

इथे थोडा जास्त वेळ घालवा, कारण सिंगापूरच्या सीमाशुल्क तपासणीत सामान एक्स-रे यंत्रातून जातं आणि तिथले नियम कडक आहेत. अडचणीत येणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांना ठाऊक नसतं इतकंच.

पहिली गोष्ट फराळाची. दिवाळीच्या सहलीत डबा येणारच आणि यावाच. चिवडा, चकली, शेव, शंकरपाळे, बेसनाचे लाडू यांत काही वावगं नाही. पण खसखस सिंगापुरात न्यायची नाही. ती अफूच्या बोंडातून येते, तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो, आणि तिथला अमली पदार्थविरोधी विभाग तिला प्रतिबंधित वस्तूंत धरतो. आता आपल्या डब्याकडे बघा. अनारशांवर खसखस, करंजीच्या सारणात खसखस, डिंकाच्या लाडवात खसखस, आणि काही घरांत गोड्या मसाल्यातही खसखस. हे पदार्थ मलेशियातच संपवा, किंवा त्या वेळी खसखशीऐवजी तीळ घालून करा. सहलीला निघणाऱ्या घरात हे फराळ करणाऱ्या काकूंना पंधरा दिवस आधी कळायला हवं. विमानतळावर कळून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट तंबाखू. गुटखा, खैनी, जर्दा, चघळायची तंबाखू यांवर सिंगापुरात बंदी आहे. खिशातली पुडी, चंचीतली चिमूट, मशेरीची डबी, सगळं मलेशियातच सोडा. सिगारेटला तिथे करमुक्त सवलत नाही. एक उघडं पाकीट असलं तरी ते जाहीर करून कर भरायचा असतो. ई-सिगारेट तर जवळ बाळगणंही गुन्हा आहे. आजोबांना ही गोष्ट गटासमोर नको, बाजूला घेऊन आदराने सांगा. सवय जुनी असते आणि चारचौघांत विषय निघाला की माणूस पुडी लपवतो. लपवलेली पुडी यंत्रात दिसते.

तिसरी गोष्ट दारू. मलेशियातून सिंगापूरला येणाऱ्याला करमुक्त दारूची सवलत मिळत नाही. क्वालालंपूरला किंवा लांगकावीला घेतलेली बाटली आणायची असेल, तर ती कस्टम्सच्या लाल मार्गिकेत, म्हणजे सामान जाहीर करणाऱ्यांच्या रांगेत, जाहीर करा आणि कर भरा. च्युइंगगम १९९२ पासून आणता येत नाही. पिस्तुलाच्या आकाराचे लायटरही प्रतिबंधित आहेत. क्वालालंपूरच्या पेटालिंग स्ट्रीटवर मुलं असल्या वस्तूंसाठी हट्ट धरतात, तिथेच थांबवा.

चौथी गोष्ट औषधं. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या रोजच्या गोळ्या तीन महिन्यांपुरत्या नेता येतात. मूळ वेष्टनात ठेवा आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी जोडा. झोपेच्या गोळ्या, चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध आणि तीव्र वेदनाशामकं यांपैकी बऱ्याच औषधांना मात्र सिंगापूरच्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते. आपल्याकडे अशी गोळी कपाटातल्या डब्यात सहज पडलेली असते. निघण्यापूर्वी सगळी औषधं डॉक्टरांसमोर ठेवून विचारून घ्या. आणि कुणा अनोळखी माणसाची पिशवी, पार्सल, ‘जरा एवढं पलीकडे न्या’ म्हणून दिलेला डबा, कधीही घेऊ नका. अमली पदार्थांच्या गुन्ह्याला या दोन्ही देशांत फाशीपर्यंत शिक्षा आहे, आणि बॅग ज्याच्या हातात, माल त्याचा, असंच कायदा धरतो.

बॅग स्वतः भरा, स्वतः बंद करा. कुटुंबातल्या सामानाची सरमिसळ झालीच असेल, तर कुठल्या बॅगेत काय आहे ते प्रत्येकाला माहीत हवं.

बसमध्ये

पासपोर्ट, व्हिसाची प्रत, अरायव्हल कार्डाची प्रत, हॉटेलचं नाव आणि परतीच्या विमानाचं तिकीट गळ्यातल्या पाऊचमध्ये ठेवा. सगळ्यांचे पासपोर्ट एका गठ्ठ्यात मॅनेजरकडे ठेवण्याची पद्धत काही गटांत आहे. सीमेच्या दिवशी ती मोडा. काउंटरवर तुमचा पासपोर्ट तुमच्याच हातात लागतो.

कागदांचे स्क्रीनशॉट फोनमध्ये काढून ठेवा. मलेशियाचं सिम सीमेच्या पलीकडे चालेलच असं नाही, आणि नेमक्या त्या वेळी कार्ड उघडायला नेट नसतं. फोन बंद पडला किंवा माणूस चुकला तर भेटायची जागा बसमध्येच ठरवा. ‘कस्टम्सच्या यंत्रांच्या पुढे, बाहेर पडायच्या दाराशी’ असं सगळ्यांना एकसारखं कळेल असं ठिकाण सांगा.

मलेशियाच्या सीमेलगतच्या जोहोर राज्यात शिरल्यावर महामार्गावरच्या शेवटच्या विश्रांतिस्थळी, मग ते माचाप असो की दुसरं, सगळ्यांनी उतरून स्वच्छतागृहात जाऊन या. लागत नसलं तरी जा. पुढचा तास-दीड तास कुठे जाईल ते सांगता येत नाही. मधुमेह असलेल्यांनी तिथेच थोडं खाऊन घ्यावं आणि खिशात बिस्किटं ठेवावीत. उरलेले रिंगिट, म्हणजे मलेशियाचं चलन, चहा-पाण्यात खर्चून टाकायलाही हीच जागा बरी.

मलेशिया आणि सिंगापूरमध्ये दोन रस्ते आहेत. एक जोहोर बारूहून वूडलँड्सला जाणारा जुना कॉजवे. १९२४ साली रीतसर खुला झालेला, जेमतेम एक किलोमीटर लांब, आणि दिवसाला तीन लाखांहून जास्त माणसं ये-जा करतात म्हणून जगातल्या सर्वांत गर्दीच्या सीमांपैकी एक. दुसरा पश्चिमेकडचा तुआसचा पूल, १९९८ पासून चालू. त्यावर गर्दी तुलनेने कमी, म्हणून सहलीच्या बस बहुधा तो घेतात. कुठल्या रस्त्याने जायचं ते चालक त्या दिवशीची गर्दी पाहून ठरवतो. त्यात आपण पडू नये.

वेळेचं गणित मात्र समजून घ्या. जोहोरमधले लाखो लोक रोज कामाला सिंगापूरला जातात, त्यामुळे पहाटे ते सकाळ सिंगापूरकडे आणि संध्याकाळी मलेशियाकडे रांगा लागतात. शुक्रवारी संध्याकाळी सिंगापूरकर मलेशियाला निघतात, रविवारी संध्याकाळी परततात. आणि आपली दिवाळी म्हणजे या दोन्ही देशांतली दीपावलीची सार्वजनिक सुट्टी. तिथला तमिळ समाज मोठा आहे. त्या सुट्टीला शनिवार-रविवार जोडून आला की पुलावर बस तासन्‌तास हलत नाही. रविवारी संध्याकाळी सिंगापूरला पोचून लगेच रात्रीचा कार्यक्रम, असं वेळापत्रक दिसलं तर मी बुकिंगच्या वेळीच ते बदलून मागेन.

मलेशियातून बाहेर

पहिलं उतरणं मलेशियाच्या सीमा तपासणी ठाण्यावर. बाहेर पडताना साधारणपणे मोठं सामान बसच्या पोटात राहतं, तुम्ही पासपोर्ट आणि हातातली पिशवी घेऊन जायचं. मॅनेजर वेगळं काही सांगेल तर त्याचं ऐका. पाट्या मलय भाषेत असतात: ‘इमिग्रेसेन’ म्हणजे इमिग्रेशन, ‘कास्तम’ म्हणजे कस्टम्स, ‘केलुआर’ म्हणजे बाहेर जायचा रस्ता, ‘तांदास’ म्हणजे स्वच्छतागृह. सोबत इंग्रजीही बहुतेक ठिकाणी असतं.

परदेशी पासपोर्टची रांग धरा. एका वेळी एकाच माणसाने पुढे जायचं. अधिकारी पासपोर्ट तपासतो, बोटांचे ठसे घेऊ शकतो आणि सहसा काही विचारत नाही. काम मिनिटभराचं असतं. नोंद होऊन पासपोर्ट हातात आल्याशिवाय मात्र पुढे सरकू नका.

उतरण्याआधी बसचा नंबर, रंग आणि काचेवरचा फलक यांचा फोटो काढा. एकसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या बस तिथे ओळीने उभ्या असतात. हा फोटो बसजवळच काढा, कारण ठाण्याच्या इमारतीत फोटो आणि चित्रीकरणाला मनाई आहे. दोन्ही बाजूंना हा नियम मनापासून पाळा, हौसेने सेल्फी काढू नका.

सिंगापुरात प्रवेश

पूल ओलांडून बस सिंगापूरच्या ठाण्यावर थांबते. इथे सगळं सामान उतरवायचं. मोठी बॅग, पाठीवरची पिशवी, सीटखाली सरकवलेली चप्पल, सगळं. बसमध्ये काहीही मागे ठेवू नका. लक्षात ठेवायची सोपी खूण अशी: देश सोडताना पासपोर्ट हातात, देशात शिरताना पासपोर्ट आणि सगळं सामान हातात.

यामुळेच चाकांची एकच मध्यम बॅग बरी पडते. ट्रॉली मिळेलच असं नाही, आणि सरकते जिने, लांब मार्गिका आणि उभं राहणं ठरलेलं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्या बॅगा तरुणांनी उचलून द्याव्यात, पण ज्याची बॅग त्याने शेजारी चालावं. व्हीलचेअर लागणार असेल तर मॅनेजरला आदल्या दिवशीच सांगा.

काउंटरवर किंवा स्वयंचलित मार्गिकेत तुमचा चेहरा, डोळ्यांची बुबुळं आणि बोटांचे ठसे यांची नोंद होते. टोपी, गॉगल काढा. यंत्राने पासपोर्ट घेतला नाही तर घाबरू नका, अधिकारी तुम्हाला काउंटरकडे पाठवतो. विचारलंच तर प्रश्न अगदी साधे असतात. किती दिवस राहणार, कुठल्या हॉटेलात, परत कधी जाणार, काय काम करता. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं. ‘टुरिस्ट, ग्रुप टूर, थ्री नाइट्स’ एवढंही पुरतं. उत्तर मात्र खरं आणि विचारलं तेवढंच द्या. ज्येष्ठांशी बसमध्येच हे चार प्रश्न एकदा म्हणून घ्या, हॉटेलचं नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. आईला हॉटेलचं नाव आठवत नाही आणि मुलगा दुसऱ्या रांगेतून ओरडून सांगतोय, असं झालं की अधिकारी उगाच थांबतो.

कधी कधी एखाद्याला बाजूच्या खोलीत नेतात. नावाशी मिळतंजुळतं दुसरं नाव, पुसट ठसे, व्हिसातली तारीख, कारणं बरीच असू शकतात. कष्टाची कामं केलेल्या हातांचे आणि वयस्करांचे ठसे यंत्राला नीट मिळत नाहीत, हे तर नेहमीचंच. शांत बसा, पासपोर्ट द्या, विचारलेलं सांगा, वाद घालू नका. गटातल्या एकाने लगेच मॅनेजरला कळवावं. पुढे गेलेल्यांनी परत मागे यायचा प्रयत्न करू नये, ते चालत नाही.

इमिग्रेशननंतर कस्टम्स. काही जाहीर करायचं नसेल तर हिरवी मार्गिका, असेल तर लाल. शंका असली तर लाल घ्या आणि विचारा. स्वतःहून दाखवलेल्या वस्तूवर सहसा कर भरावा लागतो किंवा ती ठेवून घेतली जाते. हिरव्या मार्गिकेत सापडलेली तीच वस्तू दंडापर्यंत जाते.

पुन्हा बसमध्ये

बाहेर आल्यावर तुमची बस पुढच्या थांब्यावर असते. पहिली रिकामी बस पकडू नका, फोटोतला नंबर जुळवा. मॅनेजरने मोजणी करताना डोकी मोजण्यापेक्षा नावं घ्यावीत. संख्या बरोबर येऊनही चुकीचा माणूस चढलेला असू शकतो, आणि बसला तिथे फार वेळ थांबता येत नाही. उशीर झालेल्यांवर चिडणारी माणसं प्रत्येक गटात असतात. उशीर झालेला माणूस बहुतेक वेळा ठसे न जुळलेला कुणी आजोबा असतो, हे ध्यानात ठेवा.

हॉटेलवर पोचल्यावर ईमेल उघडून इलेक्ट्रॉनिक पास आला का आणि त्यावरची शेवटची तारीख तुमच्या परतीच्या विमानानंतरची आहे का, ते पाहा. पासपोर्ट हरवला तर आधी पोलीस तक्रार, मग भारतीय उच्चायोग. ते सिंगापुरातही आहे आणि क्वालालंपूरलाही.

उलट दिशेने जात असाल तर

सिंगापूरहून मलेशियाला जाताना क्रम तोच, बाजू उलट. सिंगापूर सोडताना पासपोर्ट, मलेशियात शिरताना सगळं सामान. मलेशियाचं एमडीएसी आधी भरलेलं हवं. एकाच सहलीत मलेशियात दोनदा शिरणार असाल तर दोनदा भरायचं, सिंगापूरचं कार्डही तसंच. मलेशियाच्या काउंटरवर प्रवेशाची नोंद झाली का ते तिथेच पाहा. गर्दीत मार्गिका चुकून कुणी इमिग्रेशन न करताच बसपर्यंत पोचलं, तर प्रश्न त्या दिवशी उठत नाही, देश सोडताना विमानतळावर उठतो. असं झालं आहे असं वाटलं तर बस सुटण्यापूर्वी मॅनेजरला सांगा आणि त्याच्यासोबत ठाण्यावरच्या अधिकाऱ्याकडे जा.